शाळा सुटल्यावर

सायंकाळीं साडेपांच वाजतां आमच्या शाळेची शेवटची घंटा होते. पांच मिनिटांत जिने रिकामे होतात. फाटकाशीं भेळवाल्याभोंवतीं क्षणभर गर्दी उसळते. आणि मग शिपाई एकेका वर्गाच्या खिडक्या लावीत जातो. त्या वेळेपासून दुसऱ्या दिवशींच्या प्रार्थनेपर्यंत आमचा विद्यार्थी कोठें असतो, काय करितो आणि कोणाच्या संगतींत असतो, ह्याविषयीं शाळा ह्या नात्यानें आम्हांस फारच थोडें ठाऊक असतें. वर्गांत तो काय शिकतो ह्याची परीक्षा आम्ही वर्षांतून अनेकदां घेतों. वर्गाबाहेरच्या ह्या तासांची परीक्षा मात्र कोणी घेत नाहीं.

हा प्रश्न ह्या वर्षीं आमच्यापुढें नुसत्या चर्चेचा म्हणून आला नाहीं. शाळा सुटल्यावर दीड तास चालणारा आमचा अभ्यासवर्ग पुढें चालू ठेवावा कीं बंद करावा, असा विषय शिक्षकांच्या सभेंत निघाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, वर्ग निघाल्यापासून शालान्त परीक्षेच्या निकालांत कांहीं फरक पडलेला नाहीं. तेव्हां दिवे जाळण्यांत आणि पंखे फिरविण्यांत अर्थ काय? त्यापेक्षां त्या खोल्या एखाद्या खाजगी शिकवणीवर्गास भाड्यानें दिल्या तर ग्रंथालयास चार पुस्तकें तरी येतील. दुसऱ्या पक्षानें हजेरीपट पुढें केला. साठ नांवें, आणि बहुतेक दिवशीं पन्नासांवर हजेरी! इतकीं मुलें येतात त्या अर्थीं वर्ग चांगलाच असला पाहिजे. वाद बराच वेळ चालला. निर्णय झाला नाहीं. आणि त्याचें कारण, आमच्या मतें, असें होतें कीं, वर्ग चांगला चालला आहे कीं वाईट, हें दोहोंपैकीं एकाही पक्षास खरोखर ठाऊक नव्हतें. त्या पक्षांपैकीं एकांत आम्हीही होतों, हें येथें कबूल करणें बरें.

प्रथम, ह्या तासांची एवढी किंमत कां, हें सांगणें अवश्य आहे. आमचे विद्यार्थी गिरगांव, परळ, लालबाग, दादर ह्या भागांतून येतात. गिरगांवांतील जुन्या चाळीची खोली, किंवा ना. म. जोशी मार्ग, नायगांव आणि वरळी येथील बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांचा गाळा ज्यानें पाहिला आहे, त्यास "मुलानें घरीं शांतपणें अभ्यास करावा" हा उपदेश किती पोकळ आहे हें सांगावयास नको. त्याच खोलींत स्वयंपाक, त्याच खोलींत आजारी आजी, त्याच खोलींत टीव्ही, आणि रात्रीं तेथेंच अंथरुणें. वरळीस पोदार रुग्णालयाजवळ सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. त्यास लोक "अभ्यास गल्ली" म्हणतात. आसपासच्या चाळींतील मुलें पदपथावर, रस्त्याच्या दिव्याखालीं बसून तेथें वर्षानुवर्षें अभ्यास करीत आलीं आहेत. ह्या गल्लीचें कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. परंतु अभ्यासासाठीं मुलांस रस्ता गांठावा लागावा, ही गोष्ट जितकी त्या मुलांच्या कौतुकाची, तितकीच त्यांच्या वडीलधाऱ्यांस विचार करावयास लावणारी आहे.

आणि ही अडचण आजची नव्हे. गेल्या शतकाच्या आरंभीं लोअर परळच्या डबक चाळींतील एका खोलींत राहणारा एक मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत होता. खोलींत गर्दी इतकी कीं, वडील त्यास लवकर निजवीत आणि रात्रीं दोन वाजतां उठवून अभ्यासास बसवीत. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत बसे. विल्सन हायस्कुलांतील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर हेही त्या बागेंत येत. त्यांनीं त्या मुलास पाहिलें, त्याची चौकशी केली, पुस्तकें दिलीं, वाचनास वळण लाविलें. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां सत्काराच्या सभेंत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यास भेट दिलें, आणि पुढील शिक्षणासाठीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकिला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. तो केळुसकरांच्या शाळेचा विद्यार्थीदेखील नव्हता! त्या बागेंत वर्ग नव्हता, हजेरी नव्हती, फलक नव्हता. बसावयास जागा होती, मोकळा वेळ होता, आणि मुलाकडे लक्ष देणारें एक वडील माणूस होतें. शाळेबाहेरच्या कोणत्याही उपक्रमाची परीक्षा करावयाची झाल्यास ह्या तीन गोष्टींपासून आरंभ करावा असें आम्हांस वाटतें.

अर्थात् एखाद्या बागेंत एखादे केळुसकर भेटतील ह्या भरंवशावर सबंध शहराचीं मुलें सोडतां येत नाहींत. म्हणून संस्था निघाल्या. १९११ सालीं नारायण मल्हार जोशी ह्यांनीं सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली, आणि तिनें कामगारवस्तींत रात्रशाळा, मोफत वाचनालयें, व्यायामशाळा व मुलांचीं मंडळें चालविलीं. १९२४ सालीं परळच्या दामोदर सभागृहांतील बैठकींतून पुढें बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. तिनें वसतिगृहाचें काम हातीं घेतलें, मोफत वाचनालय काढिलें, आणि तरुण मंडळी जुगार व दारू ह्यांकडे वळूं नयेत म्हणून हॉकीचा संघही काढिला. अमेरिकन मराठी मिशननें १९२६ च्या सुमारास नागपाड्यास "नेबरहूड हाउस" उघडलें. शिकागोस शिकून आलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे संचालक होते. वस्तींत काम करितां करितां त्यांच्या लक्षांत आलें कीं, अशा कामास सदिच्छा पुरत नाहीं. माणसें तयार करावीं लागतात. त्या विचारांतून १९३६ सालीं नागपाड्यासच समाजकार्याचें जें विद्यालय सुरू झालें, तेंच पुढें टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नांवारूपास आलें. मुलांचा सायंकाळचा वेळ चांगला जावा ह्या खटपटींतून एक मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली, ही गोष्ट ह्या कामास हलकें समजणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दादरकडे पाहावें तर शिवाजी पार्कवर १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिर आहे. गिरगांवांत १९५९ सालीं सुधा करमरकर ह्यांनीं बालरंगभूमी उभारिली. असो. यादी वाढविण्याचा आमचा हेतु नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ह्या भागांत मुलांच्या सायंकाळची काळजी वाहण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

मधल्या काळांत ती वस्तीच बदलली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार उतरले, आणि पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंग्याबरोबर ठरणारें घरचें वेळापत्रक मोडलें. आज पुष्कळ घरीं आई आणि वडील दोघेंही दूर कामास जातात, आणि घरीं परतण्याची त्यांची वेळ निश्चित नसते. आतां चाळीही जात आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या कुटुंबांस २०२५ सालीं उंच इमारतींत ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. घर मोठें झालें ह्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु चाळीच्या गॅलरींत एक अलिखित व्यवस्था होती. कोणाचें पोर कोठें गेलें, कोणाबरोबर उभें आहे, कोणाचें जेवण राहिलें, हें अर्ध्या मजल्यास ठाऊक असे. बंद दारांच्या इमारतींत तें लक्ष आपोआप चढून येत नाहीं. तें नव्यानें उभारावें लागतें.

आज उपक्रमांचा तुटवडा आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. गणेशोत्सव मंडळांच्या अभ्यासिका आहेत, महापालिकेच्या आहेत, सेवाभावी संस्थांचे वर्ग आहेत, क्रीडाशिबिरें आहेत, आणि शिकवणीवर्गांचे फलक तर प्रत्येक नाक्यावर आहेत. तुटवडा आहे तो ह्यांतील चांगलें कोणतें आणि नांवापुरतें कोणतें हें पारखण्याच्या रीतीचा. वार्षिक अहवाल उघडावा तर किती मुलें आलीं, किती वह्या वाटल्या, कोणते पाहुणे आले आणि त्यांचीं छायाचित्रें. ह्यांपैकीं एकाही आंकड्यावरून मुलाचें काय झालें हें कळत नाहीं. दुसऱ्यांचें कशाला? आमचाच अहवाल तसा असे.

म्हणून सभेनंतर आम्हीं एक साधी गोष्ट केली. शाळेचे आठ दिवस रोज त्या वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसलों, आणि दर पांच मिनिटांनीं काय चाललें आहे तें वहींत लिहीत गेलों. जें दिसलें तें लिहितांना संकोच वाटतो; परंतु लिहिल्याशिवाय ह्या लेखास अर्थ नाहीं.

हजेरी घेण्यांत आणि मुलें शांत होण्यांत पहिलीं वीस मिनिटें जात. त्यानंतर शिक्षक टेबलाशीं बसून दिवसाच्या वर्गाच्या वह्या तपाशीत, कारण त्यांच्यावरही कामाचें ओझें होतेंच. मुलें एका हुशार मुलाच्या वहींतील गणितें उतरून घेत. सबंध दीड तासांत शिक्षक स्वतः उठून ज्यांच्याजवळ गेले अशीं मुलें एखाद्या दिवशीं तीन, एखाद्या दिवशीं चार. साडेसहा वाजले कीं लालबागकडच्या मुली घड्याळाकडे पाहूं लागत. अंधार पडण्यापूर्वीं घरीं पोहोंचावयाचें असे, म्हणून त्या अर्धा तास अगोदर निघत, आणि जो काय थोडा पाठ शेवटीं होई तो नेमका त्यांस मिळत नसे. हें आम्हांस वर्षभर कोणीं सांगितलें नव्हतें, कारण आम्हीं विचारलेंच नव्हतें.

खिडकीशेजारच्या बाकावर इयत्ता आठवीचा एक मुलगा बसे. आठही दिवस तो वहीच्या मागच्या पानावर आगगाडीचें चित्र काढीत होता. त्या आठ दिवसांत त्याच्याशीं कोणी एक शब्द बोललें नाहीं. शेवटच्या दिवशीं आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारलें, "अभ्यास करावयाचा नाहीं, तर वर्गास कां येतोस?" तो म्हणाला, "सर, खोलीला कुलूप असतं. आई सात वाजतां कामावरून येते. तोंपर्यंत इथं बसतों." हजेरीपट काढून पाहिला. एकही दिवस न चुकविणारा तो आमचा सर्वांत नियमित विद्यार्थी होता!

ह्या एका उत्तरानें सभेंतील दोन्ही पक्ष आमच्या दृष्टीनें निकालांत निघाले. वर्ग बंद करा म्हणणारांनीं त्या मुलास सातपर्यंत जिन्यांत किंवा रस्त्यावर बसविलें असतें. वर्ग उत्तम चालला आहे म्हणणारांनीं त्याच्या हजेरीचाच पुरावा केला होता. वर्गानें त्यास छप्पर दिलें होतें, आणि तें थोडें नव्हे. परंतु दिवसाचे दीड तास, वर्षाचे कित्येक महिने, एक मूल आमच्या छपराखालीं होतें आणि आम्हीं त्यास दुसरें कांहींच दिलें नाहीं.

आतां, अशा कामाची पारख कशी करावी ह्यावर इतरत्र पुष्कळ विचार झालेला आहे. त्याचा लाभ घेण्यांत कमीपणा नाहीं. अमेरिकेंत जोसेफ डर्लाक आणि रॉजर वाइसबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञांनीं शाळेनंतरच्या सुमारें सत्तर उपक्रमांचे अभ्यास एकत्र करून २००७ व २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या उपक्रमांत चार गुण होते त्यांतील मुलांचा आत्मविश्वास, वर्तन आणि शालेय गुण ह्यांत सुधारणा दिसली. ज्यांत ते चार गुण नव्हते त्यांत सुधारणा म्हणण्यासारखी दिसलीच नाहीं. ते गुण असे: शिकविण्यास पायरीपायरीचा क्रम असणें, मुलांनीं ऐकत न बसतां स्वतः कृति करणें, त्या कामासाठीं वेळ राखून ठेवणें, आणि काय साधावयाचें आहे हें शिकविणारास व शिकणारास स्पष्ट ठाऊक असणें. ह्यांत पैशाची बाब एकही नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

तेथेंच दुसरीही एक रीति रूढ झाली आहे. माहीतगार मनुष्य वर्गांत शांतपणें बसून पाहतो आणि चार पायऱ्यांवर नोंद करितो: मूल सुरक्षित आहे काय, त्यास आधार मिळतो काय, तें इतरांशीं मिळून काम करितें काय, आणि काय करावयाचें हें ठरविण्यांत त्याचा स्वतःचा कांहीं वांटा आहे काय. पहिल्या पायऱ्या पुष्कळ संस्था चढतात. शेवटची क्वचित् चढली जाते. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशीं ८७ केंद्रें घेतलीं होतीं. जेथें कार्यकर्त्यांनीं स्वतःच्या कामाची अशी पाहणी केली, सुधारणेचा बेत आंखला आणि त्यांस मार्गदर्शन मिळालें, तेथें शिकविण्याची रीति सुधारली, आणि कार्यकर्ते अधिक काळ टिकले. हा दुसरा लाभ आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. दर सहा महिन्यांनीं ज्या वर्गाची ताई किंवा दादा बदलतो, त्या वर्गांत मुलानें विश्वास टाकावा तरी कोणावर?

परदेशचा दाखला नको असेल तर मुंबईचा घ्यावा. "प्रथम" ह्या संस्थेनें महापालिकेच्या शाळांत "बालसखी" नांवाची योजना चालविली. वस्तींतीलच एक शिकलेली तरुणी मागें पडलेल्या पंधरा-वीस मुलांस रोज दोन तास निराळें बसवून त्यांस न येणारें वाचन व अंकगणित शिकवी. हें शाळेच्या वेळांतच होई, तरी आमच्या विषयास तें लागू आहे. २००१ ते २००३ ह्या काळांत मुंबई व बडोदें येथें अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं योजनेची काटेकोर परीक्षा केली. मुलांची प्रगति निःसंशय दिसली, आणि सर्वांत मागें असलेल्या मुलांस लाभ अधिक झाला. परंतु योजना संपल्यावर एका वर्षानें पुन्हां पाहिलें तेव्हां त्या लाभाचा बराच भाग ओसरला होता. ज्यांनीं पुन्हां पाहिलें त्यांचें आम्हांस कौतुक वाटतें. आमच्यासारखे बहुतेक लोक बक्षीससमारंभ आटोपला कीं दार लावून घेतात.

चांगला उपक्रम डोळ्यांनीं पाहावयाचा असेल त्यानें एखाद्या सायंकाळीं शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरांत मल्लखांब पाहावा. साध्या अढीनें आरंभ होतो. अढी पक्की झाल्याशिवाय बगली-दसरंगाकडे जातां येत नाहीं. फरारे आणि ताजवे त्याच्याही पुढचे. हा झाला क्रम. मूल स्वतः खांबावर असतें, ही झाली कृति. वेळ नेमलेली असते, आणि आज कोणती उडी साधावयाची हें सहा वर्षांच्या पोरासही ठाऊक असतें. अमेरिकन पंडितांचे चारही गुण येथें त्यांच्या शोधाआधींपासून नांदत आहेत! तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे ह्यांनीं अंध मुलांसही मल्लखांब शिकविला. २०१९ सालीं पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा त्याच मैदानावर झाली, आणि २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

त्याच मैदानाची दुसरी प्रसिद्ध गोष्ट रमाकांत आचरेकर सरांची. यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवून ते गोलंदाजांस सांगत, ह्यास बाद करील त्याचें नाणें. आणि कोणी बाद करूं शकला नाहीं तर तें फलंदाजाचें. सचिन तेंडुलकरांनीं अशीं तेरा नाणीं मिळविलीं आणि जपून ठेविलीं. गोष्ट सुंदर आहे. परंतु उपक्रमाची किंमत त्यांतून निघालेल्या एका अलौकिक खेळाडूवरून करण्याची जी संवय आपल्यास जडली आहे, ती आम्हांस घातक वाटते. त्याच जाळींत त्या सायंकाळीं चेंडू टाकणारीं जीं इतर मुलें होतीं, त्यांस काय मिळालें? शिस्त, मैत्री, दमून आलेली झोंप, वडीलधाऱ्याचा एक शब्द? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या उपक्रमापाशीं आहे तो उपक्रम चांगला, मग त्यांतून एकही नांव वर्तमानपत्रांत न येवो.

ह्या विचारावर कांहीं आक्षेप येतील. एक असा कीं, दिवसभर परीक्षांनीं गांजलेल्या मुलास सायंकाळीं तरी मोकळें सोडा. तेथेंही मोजपट्टी कशाला? हा आक्षेप आम्हांस मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही मुलाची परीक्षा सुचवीत नाहीं. परीक्षा वर्गाची व्हावी. खेळाचा तास असेल तर त्यांत मूल खरोखर खेळतें कीं रांगेंत उभें राहून आपल्या पाळीची वाट पाहतें, एवढें तरी पाहावें. दुसरा आक्षेप असा कीं, प्रेमानें आणि विनावेतन काम करणारांची तपासणी करणें हा त्यांचा अपमान आहे. आमचा अनुभव निराळा आहे. मागच्या बाकावरची आमची वही आम्हीं प्रथम त्या वर्गाच्या शिक्षकांसच दाखविली. ते कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला वर्गांत दुसरा एक माणूस द्या. मीं हें दोन वर्षें मागावयास हवें होतें." तिसरा आक्षेप निकालाचा. शिकवणीवर्ग निकाल दाखवितात, तुम्ही काय दाखविणार? ह्यास उत्तर इतकेंच कीं, ज्याच्या खोलीस सातपर्यंत कुलूप असतें आणि ज्याच्या आईपाशीं शिकवणीची फी नसते, तो मुलगा त्यांच्या निकालाच्या फलकावर कधींच नव्हता. तो आमच्या खिडकीशीं बसला होता.

तेव्हां आमच्या सूचना येणेंप्रमाणें आहेत. पहिली अशी कीं, हजेरीशेजारीं दुसरा एक रकाना असावा: आज शिक्षक किती मुलांजवळ प्रत्यक्ष जाऊन बसला? दुसरी, प्रत्येक सत्रांत तीन सायंकाळीं बाहेरच्या दोन माणसांनीं वर्गांत बसून पाहावें. दुसऱ्या शाळेचा शिक्षक, एखादी पालक माता, एखादा माजी विद्यार्थी, कोणीही चालेल. वर्ग वेळेवर सुरू झाला काय, मुलांचे हात आणि डोकें किती वेळ चाललें, चूक करणारास समजाविलें कीं हंसलें, गप्प बसणाऱ्या मुलाशीं कोणी बोललें काय, इतके थोडे प्रश्न पुरेत. तिसरी, मुलांस विचारावें. आणि येणाऱ्या मुलांपेक्षां जीं येईनाशीं झालीं त्यांस आधीं विचारावें, कारण वर्गाचे दोष त्यांस अधिक ठाऊक असतात. चवथी, गट इयत्तेप्रमाणें न पाडतां मुलास काय येतें त्याप्रमाणें पाडावे, आणि गट लहान असावेत. पांचवी, वर्ग मुलींच्या सोयीनें सुरू व संपावा, आणि एका दिशेस जाणाऱ्या मुलींनीं मिळून जाण्याची व्यवस्था शाळेनें करावी. सहावी, घंटा आणि वर्ग ह्यांमध्यें मुलांस कांहीं खावयास मिळावें. दुपारीं खाल्लेल्या पोळीभाजीवर सात वाजेपर्यंत अंकगणित होत नाहीं, हें शोधून काढावयास पंडित लागत नाहींत. आणि शेवटची, ह्या पाहणीचा उपयोग कोणास दोष देण्यासाठीं होऊं नये. परंतु जें आढळेल तें, गोड असो वा कडू, ह्या वार्षिक अंकांत दरसाल छापावें.

सभेपुढें आम्हीं एवढेंच मागितलें आहे कीं, वर्ग ह्या सुधारणांसह आणखी दोन सत्रें चालू द्यावा आणि मग त्याचा विचार करावा. दोन सत्रांनंतरही मागच्या बाकावरून तेंच दृश्य दिसलें, तर वर्ग बंद करण्याची सूचना आम्ही स्वतः मांडूं. मुलांस नुसतें बसवून ठेवण्यास अभ्यासवर्ग म्हणणें हें शिक्षकाच्या धंद्यास शोभत नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं त्या मुलाच्या बाकाशीं जाऊन बसलों आणि त्याची गाडी कोठें चालली आहे असें विचारलें. "कल्याणला," तो म्हणाला, "करी रोडला थांबत नाहीं, सर, फास्ट आहे." मग ती दादरपर्यंत किती मिनिटें घेते, धीमी गाडी किती घेते, आणि कां, असें बोलणें निघालें; आणि काळ, वेग व अंतर ह्यांचीं जीं उदाहरणें वर्गांत त्याच्या अंगावरून गेलीं होतीं, त्यांतलीं तीन त्यानें त्या दिवशीं त्याच पानावर सोडविलीं. ह्यावरून फार मोठा निष्कर्ष काढण्याचें कारण नाहीं. चवथें उदाहरण चुकलें, आणि दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां चित्रच काढीत होता. परंतु त्याच्याशेजारीं बसावयास दुसरें माणूस नव्हतें, कारण उरलेल्या पन्नास मुलांपैकीं कोणीं तरी हात वर केला होता.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ जण आजही गिरगांव, दादर, परळ ह्याच भागांत राहतात किंवा कामास येतात. त्यांजकडे वर्गणी मागण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. आठवड्यांतील एक सायंकाळ, साडेपांच ते सात, त्यांनीं शाळेस द्यावी. एक दिवस मागच्या बाकावर बसून पाहावें, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या एखाद्या बाकावर मुलाशेजारीं बसावें. शिपायास सांगून ठेविलें आहे. त्या खोलीच्या खिडक्या सातपर्यंत उघड्या असतील.